कुठला देव गाळू?

दिघीच्या जेट्टीवर मी आगरदांड्याच्या बोटीसाठी रांगेत उभी होते. पुढे एक म्हातारी धवलारीण होती. हळदीला धवले गाऊन एकेका देवाला बोलावणारी. माझ्या हळदीला अशीच एकजण पहाटेपर्यंत गायली होती. स्पीकर न् ढोल भरलेल्या टेम्पोतून उतरलेला तरुण तिच्याशी बोलत होता. दोघांना एकाच घरच्या हळदीचं बोलावणं होतं.

“ठमीआजी, आज जरा लवकर आटपाल?”

“का रे मितेश? तुझा पनवेलचा क्लब तर पहाटेपर्यंत चालायचा.”

“तो बंद झाला. रात्रीचं कोणी येईना. आताची पोरं दहाला झोपतात न् पहाटे धावायला जातात.”

“बरं हाय की!”

“बरं कसलं? इथंही दहाला आवाज बंद. तुम्ही नऊपर्यंत गाता, मला उरतो एकच तास. दोन-चार देव गाळा ना.”

“सांग, कुठला गाळू? ज्याला बोलावणार न्हाय, तो रुसणार.”

“कुठलाच नका गाळू.”

“तुझा माईक देशील मला?”

“देतो की. पण कशाला?”

“माझा गळा आता मांडवाच्या टोकापर्यंत पोचत न्हाय. मागच्या बायांना ऐकू जावं म्हणून दर ओळ तीनदा म्हणते. माईक असला तर एकदाच पुरे. आठलाच आटपेल.”

“म्हणजे मला दोन तास?”

“दोन. पण शेवटचा देव तुझ्या गावचा घेईन, तेव्हा माझ्यासंगं तुझा ढोल वाजव.”

“हळू वाजवू?”

“हळू कशाला? तुझं गाव केवढं लांब हाय!”