बावखलाभोवतीचे काटे

(डॉ. दिघे यांच्या निरोप समारंभातील भाषण. केळवे, बुधवार, २२ नोव्हेंबर १९६७)

समारंभाचे अध्यक्ष माननीय बळवंतराव, सत्कारमूर्ती डॉक्टर दिघे, परिचारिका इंदुबाई, सत्कार समितीचे सभासद आणि केळव्याच्या बंधुभगिनींनो,

गेले दोन गणेशोत्सव मी या व्यासपीठावर उभा राहिलो नाही. या दीर्घ मौनाबद्दल क्षमा मागतो. तुमचं त्यावाचून काही अडलं असं मला कुणी सांगितलं नाही, हेही नमूद करतो.

मौनाचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. माझी धाकटी भावजय शालू. माझा भाऊ आत्माराम पानांच्या करंड्या घेऊन सुरतेला निघाला की ती वाडीतल्या बावखलाच्या खोल पाण्याच्या काठावर जाऊन उभी राहायची. सोमवारी ज्या जावेला देवी म्हणायची, तिला मंगळवारी हडळ ठरवायची. दंडावर विळीचे व्रण. आज हे बोलू का, असं मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "बोला की भावजी. गावाला ठाऊक नाय असं काय हाय त्यात? पन लांबवू नका."

तेव्हा लांबवत नाही.

गावाने तिच्यासाठी काय केलं नाही? गंडे बांधले, सल्ले दिले, आणि जो तो सुईसाठी डॉक्टरांच्या मागे लागला. डॉक्टरांनी सुई दिली नाही. दर गुरुवारी चार वाजता दवाखान्यामागच्या बाकावर ते तिच्याशी बोलत बसले. ज्या डॉक्टरच्या हातात सुई नाही तो डॉक्टर कसला? समोर बसलेले चिंतूकाका तेव्हा म्हणाले होते, "बोलून मानूस बरा व्हत असता तं माजी बायको कवाच डाक्टरीन झाली असती!" हसा, हसा. काकी तिकडे हसत नाहीत.

पहिल्या गुरुवारी शालूने डॉक्टरांना देव म्हटलं. थोड्याच दिवसांत कसाई म्हणून चप्पल फेकली. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या गुरुवारी या. चप्पल इथेच ठेवतो, एका पायाने फार दिवस चालता येणार नाही." ती आली. एकदा बावखलावरून तिने निरोप धाडला, तेव्हा डॉक्टर धावत आले, तिला वर घेतलं, इंदुबाईंना सोबत बसवलं आणि म्हणाले, "बाकीचं गुरुवारी बोलू." गावाला केवढा राग आला! माणूस एवढा शिकलेला, आणि चार गोड शब्द नाहीत?

या आजाराला इंग्रजी पुस्तकांत नाव आहे म्हणे. मी बी.ए. असल्यामुळे ते मला कळलंच पाहिजे असं वाटून मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "त्या नावावर अजून आमच्यातच भांडणं आहेत. आणि गावाला कळलं तर गाव तिला त्याच नावाने हाक मारील." मग विचारलं, गुण येतो का? म्हणाले, "बरी झाली असं लिहू नका. राग तिचा तिच्याकडेच आहे. फक्त राग आणि पाणी यांच्यामध्ये आता थोडी जागा झाली आहे." शालूला पाण्यापासून अडवायला बावखलाभोवती लावलेले बोरीचे काटे या दिवाळीत आम्ही काढले. बायका हात न ओरबाडता पाणी भरू लागल्या.

आणि परवा डॉक्टरांच्या बदलीची बातमी आली.

आता समितीची हुशारी ऐका. ज्या बाईला कुणी सोडून जाण्याचीच धास्ती, तिला हे कळता कामा नये, असा ठराव झाला. माझ्या मागे पाहा. फलकावरच्या 'निरोप' या शब्दावर झेंडूचं तोरण आलंय, ते शोभेसाठी नव्हे. आणि अध्यक्षमहाराजांच्या सूचनेवरून बावखलाभोवती पुन्हा काटे बसले.

आज सकाळी पाहतो तो शालू कोयतीने ते काटे ओढून काढते आहे.

"भावजी, हे कोनी लावलं? रखमाकाकीचा हात फाटला."

"समितीने."

"कोनासाठी?"

मी पडलेले काटे पायाने बाजूला सारू लागलो.

"डाक्टर जानार म्हनून? मला त्यांनी पावसाळ्यातच सांगितलं. तुमाला कवा कळलं?"

"परवा."

"मंग काटे तुमालाच लावा!"

पावसाळ्यात तिने आकांत केला होता. कित्येक गुरुवार बाकावर बसून ती अवाक्षर बोलली नव्हती. आम्हाला वाटलं उपचार फसला. ती डॉक्टरांच्या जाण्यावर रुसली होती, आणि तरीही येत होती. आम्ही ज्या दिवसाला भीत होतो, त्या दिवसाची तयारी ती दोघं आमच्यासमोर करत होती.

मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते तं! रातभर डोळा नाय लागला. पन उद्या गुरुवार हाय ना. इंदुबाई बसनार."

एवढं सांगून ती पाणी घेऊन गेली. मी मात्र तिला म्हटलं होतं, पलीकडच्या बाजूचे काटे एक दिवस राहू देत. कशासाठी? ती बरी नाही म्हणून, की मी बरा नाही म्हणून?

बायकांमध्ये मागच्या खांबाशी ती बसली आहे. कुणी वळून पाहू नका. पाहिलंतच.

डॉक्टर, गावातर्फे आभार. सुई न दिल्याबद्दल विशेष. अध्यक्षमहाराज, चिंतूकाका, टोचलं असेल तर पदरात घ्या. बोरीच्या काट्याहून कमीच टोचलं असेल. आणि उद्यासाठी एकच काम सर्वांदेखत नोंदवून ठेवतो: चार वाजायच्या आत पलीकडच्या बाजूचे काटे मी माझ्या हाताने काढायचे.