धवळा जुना, आवाज मथीबायचा

पेटीवाले काका, सूर तेवढा धरून ठेवा! मंडळी, ऐका — कीर्तनाच्या आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारते. देवळासमोरच्या वडाची सावली कुणाची?

सगळ्यांची! बरोबर.

आणि त्या सावलीत झोपलेल्या माणसाच्या पायातली वहाण? तीही सगळ्यांची?

हसू नका! वहाण उचलणारा काय म्हणतो ठाऊक आहे का? "सावली सार्वजनिक होती, मला वाटलं खालचं सगळंच सार्वजनिक!"

तर आजचा प्रश्न असा, की जे गाणं आज्या-पणज्यांपासून चालत आलं, ज्याला कुणी मालक नाही, ते आज एका बाईच्या गळ्यातून निघालं. मग ते निघालेलं कुणाचं?

उत्तर द्यायची घाई नको. घाई मीही केली होती, आणि माझं उत्तर चुकलं होतं.

खाडीच्या काठावर वाघळी नावाचं गाव. वस्ती आगऱ्यांची. तिथे मथीबाय नावाची धवलारीण. आता खाडीपासून लांबची मंडळी विचारतील, धवलारीण म्हणजे काय? सांगते. आगऱ्यांच्या लग्नात हळदीला आणि मांडवाला जी बाई गाऊन देवांना बोलावते, ती धवलारीण. तिच्या गाण्याला म्हणायचं धवळा. भटजी येतात, येऊ द्या! पण धवलारीण बसल्याशिवाय हळद लागत नाही.

आणि तिची रीत ऐका. मांडवात आली की पहिल्यांदा घरच्या बाईला जवळ बसवते. "तुमचा कुलदेव कंचा? पोरीचा नाव काय? घरातला कोन गेलाय?" देव, नवरी आणि गेलेली माणसं — सगळ्यांची नावं घेऊन तिथल्या तिथे धवळ्यात ओवते. चाल जुनी, शब्द बरेचसे जुने, पण प्रत्येक मांडवाचा धवळा वेगळा! "मूळ धाडलं" असं ती गाते. मूळ म्हणजे बोलावणं घेऊन गेलेलं माणूस. म्हणजे देवाला मूळ, आणि वारलेल्या आजोबालाही मूळ. या हो, नातीची हळद आहे!

तर काशिनाथशेठची मुलगी तेजश्री. तिची हळद. शूटिंगला गावातलाच रुपेश. पोरगा वाईट नाही हं! आख्यानात एक दुष्ट लागतो म्हणून मी उगाच त्याला मिशा चिकटवणार नाही. त्याने रीतसर परवानगीसुद्धा मागितली. कुणाकडे? काशिनाथशेठकडे!

"काका, धवळा पन काढू का? नेटवर टाकीन."

"काढ ना रं! लगीन माजे पोरीचा, मांडव माजा, धवलारीन पन मीच बोलावलेली. इचारतंस काय?"

झालं! परवानगी मिळाली. आणि मथीबाय? तिला वाटलं घरच्यांसाठी काढतोय. लग्नाचा व्हिडिओ, पोरीच्या सासरी बघतील. तिने पदर सारखा केला आणि असा आवाज लावला म्हणता—

मूळ गो धाडलं खाडीच्या देवाला,
तेजश्रीबायचे हलदीला या हो या!
मूळ गो धाडलं गोमाजी आज्याला,
नातीचे मांडवी या हो या!

गोमाजी म्हणजे तेजश्रीचा वारलेला आजोबा. सगळा मांडव रडला.

रुपेशने घरी जाऊन त्याखाली बेंजो घातला, ढोल घातला, धुमधडाका केला आणि नेटवर सोडला. वर त्याचे हक्क स्वतःच्या नावाने नोंदवले. गायिकेच्या जागी काय लिहिलं? "पारंपरिक"! आता पारंपरिक ही बाई कोण? तिचं आधार कार्ड कुणी पाहिलंय?

गाणं असं चाललं, असं चाललं! रिक्षात तेच, क्रिकेटच्या मैदानावर तेच, आमच्या शाळेच्या गॅदरिंगलाही तेच! मथीबाय सुरुवातीला खूश झाली. खोटं कशाला सांगू? जेट्टीवर तिकीटवाल्याला म्हणाली, "यो माजा आवाज हाय बरा!" त्याला खरं वाटलं नाही, ते सोडा.

मग एक दिवस तिची नात प्रांजल, माझ्याच वयाची, तिने आजीला ओटीवर बसवून तोच धवळा गायला लावला आणि टाकला नेटवर. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गायब! वर निरोप — या आवाजाचे हक्क दुसऱ्याकडे आहेत.

"आज्जे, ते बोलतात का यो आवाज तुजा नाय."

मथीबाय पापलेट साफ करत होती. सुरी थांबली. "मंग मी आथा बोलतंय त्यो कोनाचा? शेजारनीचा?"

हसलात ना? ती नाही हसली. कारण त्या मोसमात तिला एकाही मांडवातून बोलावणं आलं नव्हतं. लोक म्हणत, बाय कशाला? मोबाइलवर आहे की! मंडळी, मांडव हेच तिचं देऊळ. देवळाबाहेर बसवलेल्या पुजाऱ्यासारखी ती ओटीवर बसून दुसऱ्यांच्या मांडवातून स्वतःचाच आवाज ऐकत होती. म्हातारी गाईल की गप्प होईल, एवढाच प्रश्न उरला होता.

प्रांजलने रुपेशला गाठलं. तो म्हणाला, "अगं गाना जुना हाय, त्याला मालक नाय. शेठला इचारून काढलाय. माजी चूक दाखव!"

दाखवा बरं! मलाही दाखवता आली नसती; जे सगळ्यांचं ते कुणीही घ्यावं, हेच माझंही उत्तर होतं. आणि मथीबायच म्हणाली, "खरा बोलतंय त्यो. धवला माजा नाय. माजे आयनं शिकवला, तिला तिचे आयनं."

प्रांजल हट्टी. तिने शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या बाईंना विचारलं. बाई घोळवत नाहीत, सरळ सांगतात. धवळा जुना, तो सगळ्यांचा, उद्या मीही गाईन, कुणी अडवणार नाही. पण मथीबायने त्या दिवशी, त्या मांडवात गायला तो? ते तिचं सादरीकरण. कायद्याने सादर करणाऱ्याला त्यावर हक्क दिलाय. घरी बघायला काढा, अभ्यासाला काढा, हरकत नाही. नेटवर घालायचं असेल तर तिला विचारायचं. मांडववाल्याला विचारून भागत नाही. शेठने बाईला गायला बोलावलं, गळा खरेदी नाही केला! वर तिचं नाव लावायचं, आणि तिची पत जाईल अशी मोडतोड करायची नाही. रुपेशचा ढोल रुपेशचा, पण ढोल घातला म्हणून आवाज त्याचा होत नाही.

"तक्रार करू, आज्जे?"

"मी मांडवात गातंय, कोर्टात नाय," मथीबाय म्हणाली. आणि विषय संपला. असं वाटलं!

पण देवाचा न्याय कुठून फिरतो बघा. रुपेशच्याच बहिणीचं लग्न निघालं. दीक्षिता तिचं नाव. वडील दोन पावसाळ्यांपूर्वी वारलेले. हळदीचा दिवस, मांडव भरलेला, आणि रुपेशने मोठ्या ऐटीत काय लावलं? स्वतःचं गाजलेलं गाणं! आता लग्नात गाणं वाजवायला कायदा आडवा येत नाही हं, तेही सांगते. आडवं आलं ते दुसरंच.

स्पीकर गायला लागला— तेजश्रीबायचे हलदीला या हो या!

आत्या उठली. "ही तेजश्री कोन? पाटावर तं दीक्षिता बसलेय!"

"आत्या, चालता गं. गाना हाय ते."

स्पीकर पुढे— मूळ गो धाडलं गोमाजी आज्याला!

"बंद कर मेल्या! काशिनाथचे बापाला आपले मांडवात कनाला बोलावतंस? त्यो जित्तेपनी कधी आपले दारात आला नाय!"

मांडव हसला. पण रुपेशची आई हसली नाही. हातात हळदीची वाटी, ती तशीच उभी. हळूच म्हणाली, "रुपेश, दुसऱ्याचे आज्याला मूळ धाडलास. तुजे बाला कोन धाडनार?"

स्पीकर बंद झाला.

रुपेश गेला मथीबायच्या दारात. चप्पल न घालता गेला, म्हणतात. ओटीखाली उभा राहिला.

मथीबायनेच विचारलं, "तुजे बाचा नाव धर्मा ना?"

"हो."

"चल. त्यो वाट बगत असंल."

तिने लुगडं बदललं आणि निघाली. मांडवात बसली. रुपेशच्या आईला जवळ घेऊन नावं विचारली. सूर लावला. आणि रुपेशचा हात — सवयीचा हात! — कॅमेऱ्याकडे गेला.

मथीबाय गायची थांबली. हळद थांबली. सगळे देव अर्ध्या वाटेवर थांबले! ती रुपेशच्या हाताकडे बघत राहिली.

रुपेशला कळलं. खाली बसून म्हणाला, "मथीआजे, काढू?"

"कोनाला दाखवाला?"

"घरचे लोकांना. आयला."

"काढ मंग."

आणि तिने धर्माला मूळ धाडलं. आई रडली, रुपेशच्या कॅमेऱ्याची काच ओली झाली. दुसऱ्या दिवशी त्याने ते गाणं उतरवलं आणि नोंदही काढून टाकली. महिन्याभराने ओटीवर येऊन विचारलं, तेव्हा बायने एक धवळा नेटवर टाकायला दिला. त्यात कुणाच्या घरचं नाव नव्हतं, पण गायिकेच्या जागी पूर्ण नाव होतं.

काय शिकायचं, मंडळी? रुपेशने विचारलं नव्हतं का? विचारलं होतं! पण ज्याचा मांडव त्याला. ज्याचा गळा त्याला नाही. आपण सगळे असंच विचारतो.

आता जरा डावीकडे, खांबाजवळ बघा. आणि मागे, पायऱ्यांवर. किती मोबाइल वर आहेत! अगदी देवाच्या तोंडासमोर! खाली नका घेऊ, घाबरू नका. घरच्या आजीला दाखवायला काढताय ना? खुशाल काढा. पण नेटवर टाकायचं मनात असेल, तर देवळाच्या अध्यक्षांकडे जाऊ नका. ते "टाका, टाका" म्हणतील, त्यांचा स्वभावच तसा! माझ्याकडे या. पेटीवाल्या काकांकडे जा. मृदंग त्या दादाचा आहे, त्यालाही विचारा. मी बहुधा हो म्हणेन, कारण गाजायला मलाही आवडतं. काका नाही म्हणाले, तर काकांचं नाही म्हणजे नाहीच.

बोला, गळा दिला त्या देवाचा जयजयकार! आणि गाणाऱ्याचाही!