लारिसाच्या सोशलमधलं बर्फाचं मशीन

नाही पण, परत द्यायचं ना! मी काय जगावेगळं सांगतोय का? लग्नाचा खर्च निघावा म्हणून तिकीट लावून नाच-जेवण आणि बक्षिसांची सोडत ठेवतात ना, त्या सोशलमध्ये घरच्याच माणसाला पहिलं बक्षीस लागलं, की त्यानं स्टेजवर जायचं, हसायचं, चिठ्ठी डब्यात परत टाकायची आणि म्हणायचं, 'पुन्हा काढा!' बस्स! लग्न तुमच्या घरातलं, त्या लग्नासाठी तिकिटं काढायची गावानं, आणि बक्षीस तुम्हीच गाडीत घालून न्यायचं? अहो, माझ्या बायकोच्या, नेटीच्या मावशीला टीव्ही लागला होता. घरात टीव्ही नव्हता बाईच्या. रडत रडत दिला, पण दिला परत! रीत म्हणजे रीत!

तुम्हाला सांगतो, लारिसा ही माझी पुतणी, माझा भाऊ मायरोन, त्याची एकुलती एक. लग्न जूनमध्ये, म्हणून मार्चमध्ये आमच्या गावच्या हॉलमध्ये सोशल. तीनशे माणूस! नवरामुलगा लिंडन, तळ्याकडचा, मासेमारी करणाऱ्या थोर्वाल्डसनांचा. पोरगा इतका गरीब, की दारात बोट चेंगरलं तर दाराला सॉरी म्हणेल. पण त्याचा बाप... आयनार! सहा फूट चार इंच, हात म्हणजे नुसती फावडी, आणि आवाज असा, की कानात सांगितलं तरी पार्किंगमध्ये ऐकू जावं.

सुरुवातच त्यानं केली पावापासून. टेबलावर काळा पाव, लसणाचं सॉसेज, चीजचे तुकडे, लोणच्याच्या काकड्या, सगळं झाकून ठेवलेलं. घोषणा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक आहे! ह्यानं आल्या आल्या प्लास्टिक उचललं, आणि सॉसेजच्या चार चकत्या तोंडात. आमची नेटी गेली. "अहो व्याही, अजून घोषणा व्हायचीय." तर म्हणतो, "विहीणबाई, भूक काय घोषणा ऐकून लागते?" आणि वर काकडी! कुर्रकन! नेटी परत आली ती पांढरीफटक. मला म्हणाली, "ओरेस्ट, मी ह्या माणसाला मारीन." मी हसलो. चुकलो!

आता पहिलं बक्षीस काय, तर बर्फाचं मशीन. दारातला बर्फ गिळून पार शेजाऱ्याच्या अंगणात फेकतं ना, ते. पेट्रोलचं, लालभडक, स्टेजखाली उभं. मायरोनचा उत्साह असा दांडगा, की त्यात पेट्रोल भरून ठेवलेलं! का? तर म्हणे, गिऱ्हाइकाला बाहेर नेऊन चालू करून दाखवता येतं, तिकिटं जास्त खपतात. खपली ना... चाळीस एकट्या आयनारनंच घेतली!

आणि लारिसानं डब्यात हात घातला, चिठ्ठी काढली, वाचली, आणि तिचा चेहरा... अहो, पोरगी माइकमध्ये नुसती "अं..." म्हणाली. मग कसंबसं, "आयनार थोर्वाल्डसन."

टाळ्या! आम्ही वाजवल्या हो, खोटं कशाला बोलू? आम्ही वाट बघतोय, आता हा चिठ्ठी परत टाकेल. हा सरळ गेला मशीनकडे, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि निघाला दाराकडे!

मायरोन आडवा. "व्याही, गंमत पुरे. पुन्हा सोडत काढूया."

"कशाला? नंबर माझा आलाय."

"घरच्यांनी घ्यायचं नसतं."

"आमच्या तळ्याकडे ज्याचा नंबर त्याचं बक्षीस. माझं जुनं मशीन जानेवारीतच मेलं. दोन महिने हातानं बर्फ ओढतोय मी, ह्या पाठीनं! चाळीस तिकिटं काय भिंतीला चिकटवायला घेतली?"

"ही तुमची तळ्याकडची रीत असेल! इथं आमचा हॉल आहे!"

आता इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण मायरोननं मशीन पुढून धरलं, आयनारनं मागून, आणि ओढाओढी! मी मधे गेलो. मी! सोडवायला! मला शहाणपणाचा झटका येतो अधूनमधून. आयनारचं कोपर आलं, माझा वरचा ओठ फाटला, मी मागे पडता पडता हाताला जे लागलं ते धरलं... ती मशीन चालू करायची दोरी होती.

घर्रर्रर्र!

अहो, हॉलमध्ये! आयनार दचकला, दचकून त्यानं दांड्यावरची पकड आवळली, आणि मशीन सुटलं! मायरोननं बाजूला उडी मारली म्हणून आज त्याला पाय आहेत. मशीन सरळ जेवणाच्या टेबलावर! आधी गिळला टेबलाचा कागद, मग आलं सगळं खाली, पाव, चीज, काकड्या, मोहरीच्या चटणीची अख्खी बरणी, आणि वरच्या नळीतून फट् फट् फट्... नाचणाऱ्या जोडप्यांवर! सॉसेजचा मारा! आमच्या चर्चचे फादर बेहून तिथं उभे होते, त्यांच्या चष्म्यावर चकती बसली ती बसलीच!

मग काय विचारता! मायरोननं घडीची खुर्ची उचलली आणि आयनारच्या पाठीत हाणली. हो, त्याच पाठीत. आयनारनं वळून मायरोनला कोटासकट उचलला आणि स्पीकरवर फेकला. स्पीकर पडला, गाणं बंद, आणि तळ्याकडचे सगळे मासेवाले एकदम उठले. आमचे गहूवाले बसून राहतील होय? दात पडले, शर्ट फाटले, माझ्या दाढांचा डॉक्टर माझ्या मेकॅनिकला केसांनी धरून फिरवत होता! नेटीनं दिलेला शब्द पाळला, पर्स गरगर फिरवून आयनारच्या डोक्यात घातली... म्हणजे घालायला गेली. आयनार वाकला. मागे कोण होतं? मी! नाक गेलं! परकं माणूस असतं तर तक्रार तरी करता आली असती!

पण खरी गोष्ट पुढे आहे. लिंडन, तो दाराला सॉरी म्हणणारा, त्यानं बापाच्या पाठीवर दुसऱ्यांदा खुर्ची उगारलेली बघितली आणि मायरोनच्या जबड्यावर एक ठेवून दिली. होणाऱ्या सासऱ्याच्या! सगळे थबकले. लारिसा स्टेजवरून उतरली, गर्दीतून चालत आली, आणि लिंडनला असा ठोसा मारला, की पोरगा काकड्यांवरून घसरत भिंतीपर्यंत गेला. बोटातली अंगठी काढून त्याच्या अंगावर फेकली. "झालं लग्न!" म्हणाली. "तुम्हा सगळ्यांचं समाधान झालं?"

कुणीतरी मशीन बंद केलं. तीनशे माणूस, आणि फक्त त्या पोरीचं रडणं ऐकू येत होतं. मला माझ्या नाकाचा विसर पडला, खरं सांगतो. हातातलं हे एवढंसं पोर होतं हो ते...

लिंडन उठला. एक डोळा मिटलेला. चटणीतून अंगठी शोधली, शर्टाला पुसली, आणि तिच्याकडे गेला. "सॉरी," म्हणाला. "माझा बाप आहे तो, लारिसा." ती म्हणाली, "आणि तो माझा आहे, गाढवा." मग तिनं त्याचा डोळा बघितला आणि किंचाळलीच. "गाडी काढा कुणीतरी!"

दवाखान्यात आमची ही रांग! समोर ती दोघं, एकच बर्फाची पिशवी, आळीपाळीनं एकदा त्याच्या डोळ्यावर, एकदा तिच्या मुठीवर. अंगठी बोटात. आणि शेजारी शेजारी मायरोन आणि आयनार, कारण खुर्च्या दोनच रिकाम्या. शेवटी आयनार म्हणतो, "मायरोन, ठेव ते मशीन. पुन्हा सोडत काढ." मायरोनचा जबडा बांधलेला, त्यातून म्हणतो, "नाही. पाठ बघितली मी तुझी. तू ने." "मी नेणार नाही!" "तुला न्यावंच लागेल!" आणि दोघं पुन्हा उभे! नर्सनं दोघांना खांद्याला धरून खाली बसवलं.

मला आत घेतलं ओठ शिवायला. डॉक्टरीणबाई तरुण, हसतमुख. सुई माझ्या ओठात, आणि गप्पा मारतेय. "सोशलहून आलात? अय्या! माझ्या भावाचंही आहे हो पुढच्या शनिवारी! तिकिटं आहेत माझ्याकडे, किती देऊ?" मला बोलता येतंय का? मला विचारायचं होतं, अजून दोनच टाके राहिलेत ना? म्हणून मी दोन बोटं वर केली.

"दोन? थँक्यू!"

आता काय करणार? घेतलेल्या तिकिटाला नाही म्हणायचं नसतं, रीत म्हणजे रीत! परवा शनिवार. नेटी माझ्या शर्टाला इस्त्री करतेय... आणि मी माझं हॉकीचं हेल्मेट शोधतोय.