खणखणीत बोल्ट

स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्यापुढे सासरे-सून उभे होते. सासऱ्यांनी झिजलेला बोल्ट काउंटरवर ठेवला.

“ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा आहे. असा एकच द्या.”

दुकानदार म्हणाला, “काका, बाकीचेही झिजले असतील. उतारावर चाक निखळेल. पूर्ण सेट न्या.”

“बाकीचे सात हातोडीने वाजवून बघितलेत मी. खणखणीत आहेत. तीस वर्षं असंच तपासतोय.”

सुनेने पिशवी काउंटरवर उपडी केली.

“हे घ्या ते सात. एकाचेही आटे धड नाहीत.”

“तू काढलेस? कधी?”

“तुम्ही जेवून पडला होतात तेव्हा.”

“अगं, आणि चाक?”

“भिंतीला टेकवून ठेवलंय. ट्रॅक्टर ओंडक्यावर आहे.”

“मला विचारायचं तरी!”

“विचारलं असतं, मामंजी, तर तुम्ही पुन्हा वाजवून दाखवले असते.”