हिरवं दिसणारं शेत

(किनवटच्या डोंगरातलं पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. वनहक्काच्या दाव्याचा निकाल घेऊन व्यंकटी तालुक्याहून आलाय. त्याची चुलती साखराबाई दारात बांबूची टोपली विणत बसलीय.)

व्यंकटी : कागद वाचून दाखवू, का तोंडीच सांगू काकी?

साखराबाई : पाणी पी आधी. तुझ्या तोंडावरूनच कळलं मला.

व्यंकटी : दावा नामंजूर झाला. तुझं शेत हे शेतच न्हाई म्हणतात.

साखराबाई : मग काय हाय ते?

व्यंकटी : जंगल. दोन हजार पाचच्या आधीपासून शेती पायजे, असा कायदा हाय. त्या सालचा उपग्रहानं वरून काढलेला फोटो हाय. त्यात निस्तं हिरवं दिसून राहिलं.

साखराबाई : त्या साली तर ज्वारी लई चांगली आली होती.

व्यंकटी : ज्वारी दिसत न्हाई त्यात, मोह दिसतो. अकरा झाडं. त्यांच्या सावलीत नांगर चालतो, हे वरून कसं कळावं?

साखराबाई : मोह तोडायचा न्हाई ही पोडाची रीत. जंगलातला गार्ड बी तेच सांगायचा. तुझ्या काकांनी दोघांचं ऐकलं.

व्यंकटी : तिथंच चुकलं, काकी. माझ्या बापानं आमच्या शेतातली समदी झाडं काढली, म्हणून मला जमिनीचा पट्टा मिळाला. त्या पट्ट्यावर विहीर बी मंजूर झाली. तुझ्यापुढं बोलायची लाज वाटते.

साखराबाई : लाज कशाची? तुला मिळालं, बरं झालं. पण माझ्या सुनेला सातवा लागलाय अन् ती नाल्यावरून हंडे वाहते. माहेरी निघाली होती. आपली विहीर होते म्हणून मीच थांबवलं. तिला काय सांगू?

व्यंकटी : अपील करू. साठ दिवस हायत. म्हातारी माणसं जबाब देतील.

साखराबाई : तोवर?

व्यंकटी : पावसाळ्याच्या आधी जंगलखातं तुझ्या शेतात चर खणून सागवान लावणार म्हणतात.

साखराबाई : तुझे काका बांधालाच पुरलेत.

व्यंकटी : ते सांगितलं मी. कागदात लिहून घेतलं न्हाई.

साखराबाई : तुझ्या बापानं मोहाला कुऱ्हाड लावली, त्या दिवशी हे जेवले न्हाईत. भावाशी भांडले बी न्हाईत. एवढंच म्हणले, त्याच्या लेकरांना फुलं आपल्या शेतातून नेऊ द्या.

व्यंकटी : दरसाल नेतो की आम्ही.

साखराबाई : मग यंदा बी पोरींना धाड. फूल पडायला लागलंय. ही टोपली तुझ्याच घरासाठी विणून राहिले.