ट्रक चालवणारी बाई कुठं बघते

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, थिएटरचे मॅनेजरसाहेब. शेजारी बसलेले आमच्या वर्कशॉपचे मालक. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या ताई. आणि कपडे बदलले तरी नखांत रंग घेऊन आलेले माझे सोबती,

मी सातवीतनं शाळा सोडलेला माणूस. घर इथून दोन दिवसांच्या वाटेवर. भाषण येत नाही, ब्रश तेवढा येतो. पण ताईंनंतर सिनेमाच्या बोर्डावरच्या बायका मी रंगवायच्या असं ठरलंय, म्हणून मला उभं केलं असावं. त्या माझ्या हातून नीट उतरतील का, हीच ताईंना काळजी.

काळजीला कारण आहे. माझ्या पहिल्या मोठ्या बोर्डात नायिका ट्रक चालवत होती, नायक शेजारी. फोटोत ती समोर बघत होती. मी शहाण्यानं तिची मान वळवली, कंबर मुठीत मावेल एवढी केली. ताई शिडीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"काय रे, ही कुठं बघतेय?"

"हिरोकडे. हिरॉइन तिकडंच बघते ना, ताई."

"मग रस्त्याकडे कोण बघणार, तुझा बाप?"

अख्खं वर्कशॉप हसलं. मी म्हणालो, लोकांना असंच आवडतं. तेव्हा ताईंनी मला चौकात नेलं. तिथं दुसऱ्या सिनेमाचा बोर्ड लागला होता.

"बोर्ड नको बघू. लोक बघ."

पुरुषांची नजर वर जायची, पण बोर्डावरच्या बाईच्या चेहऱ्यापर्यंत पोचायचीच नाही. बायका एकदा बघायच्या आणि बॅग छातीशी धरून झपझप पुढं जायच्या.

"हा बोर्ड माझ्याच हातचा," ताई म्हणाल्या. "सांगितलं तसं रंगवत गेले. इतकी वर्षं."

मग आम्ही दोघांनी त्या ट्रकवालीची मान सरळ केली.

आता मालकांसमोरच सांगतो. शुक्रवारच्या सिनेमात नायिका डॉक्टर आहे. मालक म्हणाले होते, एप्रनची बटणं उघडी ठेव, जरा अंग दिसू दे. ताई तिथंच होत्या. नुसत्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

मालक, मी बटणं लावलीत. सकाळी बोर्ड चढवलाही. तो उतरवायला कुणी दुसरा बघा, मी शिडीवर चढणार नाही.

ताई, काम शिकवलंत, आणि बघायलाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर अडाण्याचं म्हणून पोटात घाला. बटणांची माफी मात्र मागत नाही.