रफ कागदांचा गठ्ठा

मी, वय ५३ वर्षे, धंदा हायस्कूलच्या छपाईखोलीत मशीन चालवणे, राहणार शाळेमागची कर्मचारी वसाहत, खोली नंबर ४ (शाळेत मला सगळे छापमावशी म्हणतात), कोणी न बोलावता आपणहून ठाण्यात येऊन सांगते की,

मुलांचे पाक्षिक दर दुसऱ्या गुरुवारी मी छापते. त्याची संपादक दहावीतली मुलगी आहे, तिला सगळे संपादकबाई म्हणतात. या वेळी पहिल्या पानावर तिचा लेख होता, 'फोटोत पुढे, शाळेत मागे'. पलीकडच्या वस्तीतली, घरी वेगळी भाषा बोलणारी मुले माहितीपत्रकाच्या फोटोत पहिल्या रांगेत बसवतात, पण वादविवादाच्या संघात त्यांतले एकही नाही, असे तिने यादीनिशी लिहिले होते.

मुख्याध्यापक दहा वाजता खोलीत आले. म्हणाले, "आपल्या शाळेत कसला आलाय भेदभाव? फोटो बघा ना!" मग छापलेल्या चारशे प्रती कपाटात टाकून कुलूप लावले.

शुक्रवारी तो लेख वर्गावर्गात निघाला. संपादकबाईने बनावट किल्लीने प्रती चोरल्या अशी तक्रार मुख्याध्यापकांनी दिली. तिला शाळेतून काढणार आहेत. चारशेच्या चारशे प्रती कपाटात जागच्या जागी आहेत. उघडून बघायची तसदी कोणी घेतली नाही.

खरी गोष्ट अशी. शाई बसेपर्यंत पहिले वीस-पंचवीस कागद फिके निघतात. मागची बाजू कोरी असते, म्हणून ते वर्गांत रफ कामाला द्यायची आमची पद्धत आहे. या वेळी असे कागद तीनशेच्या वर निघाले. शुक्रवारी गणिताच्या तासाआधी मीच ते वाटले. शिपाई म्हणाला, "अगं बाई, मावशी, एवढे?" मी म्हटले, "मशीनचं वय झालं बाबा, माझ्यासारखं." मशीन ठणठणीत आहे. कुलूप लागल्यावर मी ते पुन्हा चालू केले होते.

माझी मुलगी याच शाळेत शिकली. तीन वर्षे फोटोत पहिल्या रांगेत होती. वादविवादासाठी दरवर्षी नाव द्यायची, आरशापुढे उभी राहून बोलायची. एकदाही घेतले नाही. तेव्हा मी मूग गिळून बसले, त्याची मला लाज वाटते. नोकरी गेली तर जाऊ दे. त्या पोरीला चोर म्हणू नये.

हवालदारांनी लिहिलेले मला वाचून दाखवले. त्यात मी कागद 'चुकून' वाटले असे होते. माझ्या भल्यासाठीच लिहिले असेल. तो शब्द मी खोडायला लावला आणि शेजारी सही केली. आता जबाब बरोबर आहे.